विमानाचं सुटं नाक

यंदा पोळ्याला पाऊस गेला तो परत फिरकलाच नाही. नांदेडच्या आमच्या कॉलनीत नळ पाच दिवसांआड येतो. हवेत ओल नावाला नाही. हाताची कातडी ओढल्यासारखी होते, कपाटाची दारं सैल पडून आपोआप उघडतात. अशा कोरड्या थंडीत शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांचे दिवस येतात, आणि निवृत्त शिक्षिका म्हणून कुठून तरी मला परीक्षणाचं बोलावणं येतं.

परवा असंच एका शाळेत गेले होते. एका टेबलावर रबराच्या पिळावर उडणारं छोटं विमान होतं. बाकीच्या परीक्षकांनी पंख पाहिले, मी सवयीनं पुढचं नाक चिमटीत धरून हलकेच ओढलं. निघालं नाही.

"मॅडम, तुटंल ते," शेजारी उभी असलेली मुलगी म्हणाली.

"निघत नाही का हे?"

"न्हाई. निघू नये म्हणून तर पक्कं चिटकवलंय." असं म्हणत तिनं विमान माझ्यापासून वीतभर लांब सरकवलं आणि माझ्या हाताकडं बघत राहिली.

मला राग आला नाही. असं दुसऱ्याच्या हाताकडं बघत राहणं काय असतं, ते मला चांगलं माहीत आहे. लातूरला एक अख्खा हिवाळा मी तेच केलं होतं.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. रोज नवं काहीतरी त्या गावाला येऊन चिकटत होतं. कुठल्या तरी भाड्याच्या इमारतीवर 'जिल्हा' या अक्षरांनी सुरू होणारी ओली पाटी, कुठं नवा अधिकारी, कुठं ट्रकमधून उतरणारी लोखंडी कपाटं. माणसं वाढली होती आणि पाणी आटलं होतं. गंजगोलाईच्या दुकानांत सकाळी आधी बोलणं व्हायचं ते टँकरचं. हापशावर घागरींची रांग रस्त्याच्या वळणापर्यंत. धूळ इतकी की संध्याकाळी फळा पुसला तरी खडूचा आणि वाऱ्याचा पांढरेपणा वेगळा ओळखू यायचा नाही.

मी चोवीस वर्षांची. किनवटच्या इस्लापूरकडची, शिकले नांदेडला. एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवायची तात्पुरती नेमणूक मिळाली म्हणून आईला घेऊन लातूरला आले. खोली शोधताना तीन घरमालकांनी आधी हसून दार उघडलं, मग नाव विचारलं, आणि सोनकांबळे म्हटल्यावर "पाण्याची लई अडचण हाय हो बाई, तुम्हालाच त्रास होईल" असं तिघांनीही जवळजवळ त्याच शब्दांत सांगितलं. पाण्याची अडचण खरीच होती. म्हणून तर कळेना, कोण खरं बोलतंय. चौथी खोली मिळाली. पण तोवर कुणी गोड बोललं की मागचं काय, हे शोधायची मला सवय लागून गेली होती.

शाळेत हस्तकला शिकवायला कुलकर्णीसर होते. मूळचे देवणीकडचे. उंच, वाकलेले, धोतर सोडून पँट घालायला लागले होते पण चाल धोतराचीच राहिलेली. पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. नव्या जिल्ह्यातल्या शाळांचं प्रदर्शन भरणार असं परिपत्रक आलं, तेव्हा मुख्याध्यापकांनी आम्हा दोघांना बोलावलं. उडणारं काहीतरी करा म्हणाले. आणि मी निघताना दारात थांबवून हळू आवाजात म्हणाले, "बाई, ह्यात नाव झालं तर संस्थेपुढं तुमच्या कायम करण्याचा विषय मांडायला मला सोपं जाईल."

म्हणजे नाव माझं व्हायला हवं होतं. हे त्यांनी सरांनाही सांगितलं असेल का, की सरांना दुसरंच काही सांगितलं असेल, हा प्रश्न मी त्याच संध्याकाळी घरी घेऊन गेले.

विमान मात्र सुंदर होत गेलं. सांगाड्याला बांबूच्या कामट्या मी मामाकडून इस्लापूरहून मागवल्या. नाकाला आणि पंख्याला पांगऱ्याचं हलकं लाकूड सरांनी देवणीहून आणलं. वर पतंगाचा कागद. पोकळ धडाच्या आत, शेपटापासून नाकापर्यंत, रबराचे लांब वेढे. ते पिळायचे, सोडायचे, की पंखा फिरतो.

नाक असं सुटं ठेवायचं हे सरांनीच मला समजावलं. बोटभर लांबीचा लाकडी ठोकळा, त्याला मागं चौकोनी खुंटी. ती खुंटी धडाच्या तोंडात जाऊन बसते. मधून सायकलची तार, तिला पुढं पंखा आणि मागं आकडा, आकड्याला रबर अडकवलेलं. पीळ भरताना एकानं शेपूट धरायचं, दुसऱ्यानं नाक बाहेर ओढून रबर ताणायचं.

"चिटकवून टाकलं तर?" मी विचारलं होतं.

"आपटलं की पंखा गेला समजा. सुटं असलं की नुसतं निसटून पडतं, काही तुटत नाही. पण लई सुटं पण चालत नाही बाई. पीळ संपला, रबर ढिलं झालं, की हवेतच गळून जातं."

त्यासाठी त्यांनी शिंप्याकडून टिचबटणं आणली. दोन वाट्या धडाच्या तोंडावर, त्यांत बसणाऱ्या दोन गुंड्या नाकाच्या मागच्या बाजूला. बोटानं दाबलं की टिच असा आवाज होऊन नाक जागेवर. तो आवाज मला इतका आवडायचा की मी उगीच दोनदोनदा लावून काढून बघायची. सर हसायचे. त्या हसण्यात मला काही वाईट दिसलं नव्हतं, हेही लिहून ठेवायला हवं.

मग एक दिवस आमचे शिपाई करीममामू प्रयोगशाळेचं दार लावताना म्हणाले, "बाई, एक बात बोलू? सर रोज नाक काडून घरी नेऊन राहिलेत."

"कशाला?"

"क्या मालूम. दस्तीत गुंडाळतात, पिशवीत घालतात. धड ठेवतात इथं, नाक घेऊन जातात."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम थांबले. शाळा सुटली. सरांनी टिच करून नाक काढलं, आकड्यातून रबर सोडवलं, खिशातली दस्ती, म्हणजे हातरुमाल, पसरली आणि एखाद्या दुखऱ्या बोटाला पट्टी बांधावी तसं नाक तिच्यात गुंडाळलं.

"सर, इथंच राहू द्या की कपाटात. किल्ली आहे माझ्याकडं."

"राहू द्या बाई, माझ्याकडं बरं राहतं," ते म्हणाले. माझ्याकडं न बघता म्हणाले.

किल्ली माझ्याकडं आहे, म्हणूनच ते नाक नेतात. मला दुसरं काही सुचलंच नाही. धड ठेवलं तरी चालतं, कारण नाकाशिवाय धड म्हणजे नुसता कागद चिकटवलेला पिंजरा. ज्याच्या खिशात नाक, त्याचं विमान.

त्यानंतरचे दिवस आठवतात ते कानांनी. सरांच्या सायकलची घंटी. मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दाराची कडी. एकदा मी हजेरीपट ठेवायला तिकडं गेले तर दार ओढून घेतलेलं होतं, आत दोघांचे आवाज. मुख्याध्यापक म्हणत होते, "...त्यांचं काय, त्या तर तात्पुरत्याच आहेत." मी दार लोटलं आणि बोलणं थांबलं. सरांच्या हातात ते नाक होतं. त्यांनी ते खिशात घातलं. मी हजेरीपट ठेवला आणि बाहेर आले. दिवसभर वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही.

घरी आईला सांगितलं. आई ज्वारी निवडत बसली होती.

"तू पुसलीस का त्येला, कशाला नेतो म्हून?"

"विचारलं. सांगत नाही धड."

"बोलतो कसा?"

"चांगलंच बोलतो."

"लई गोड?"

"लई नाही."

"मंग मला काई कळंना गेलं," असं म्हणून आई पुन्हा सुपाकडं वळली. तिला असं एका शब्दात माणूस ठरवून टाकायची घाई कधीच नसायची. ती घाई माझी होती.

मी दुसरं नाक करायला घेतलं. सर जेवायला गेले की धडाच्या तोंडावर कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासून माप घ्यायचं, आणि घरी सकाळच्या उन्हात बसून पांगऱ्याचा उरलेला तुकडा काचेनं खरवडायचा. गुंड्या आईच्या जुन्या झंपराच्या काढल्या. आईनं विचारलं नाही. उलट ठोकळा दोन्ही पायांच्या तळव्यांत धरून बसली, मी त्यात तापवलेल्या तारेनं भोक पाडलं. पंखा कोरणं मला जमेना, म्हणून पावडरच्या डब्याचा पत्रा कापून केला. एका दुपारी सर वर्गावर असताना माझं नाक धडाला लावून पाहिलं. टिच. दोन्ही बाजूंनी टिच. मी चोरी करत नव्हते तरी चोरासारखी उभी होते.

या वयात कधीकधी वाटतं, संशय माणसाला हुशार करतो म्हणतात ते अर्धंच खरं. मी पदवीला भौतिकशास्त्र घेतलेली बाई. विमान सरळ उडायचं तर नाक सरळच असणार असं धरून चालले आणि जे दिसत होतं त्याची हुबेहूब नक्कल केली. सरांच्या नाकात आणखी काय होतं, ते विचारायला त्यांच्याशी बोलावं लागलं असतं.

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. दुसऱ्या एका शाळेचं मोठं मैदान, एका टोकाला कडुलिंबाची रांग, पलीकडच्या रस्त्यावर टँकर आणि त्याच्याभोवती माणसं. जळकोटकडून, निलंग्याकडून मास्तर आलेले. करीममामूंनी शाळेतून विमान आणून टेबलावर ठेवलं. त्यासमोर पुठ्ठ्याचं कार्ड होतं, ते मी तेव्हाच पाहिलं. मार्गदर्शक म्हणून एकच नाव, सरांचं.

आणि सर आलेले नव्हते.

आमची पाळी जवळ आली. मुख्याध्यापक घड्याळ बघत होते. "नाक त्यांच्याकडं आहे म्हणे," ते माझ्यावर चिडल्यासारखे म्हणाले. माझ्या मनात सगळं जुळत गेलं. ते आता येतील, अगदी शेवटच्या क्षणाला, सगळ्यांसमोर खिशातून नाक काढून लावतील, आणि विमान कुणाचं हे कुणाला सांगायला नको.

मी पिशवीतून माझं नाक काढलं. मुख्याध्यापक बघतच राहिले. "हे कुठून आणलं?"

"मी केलंय," मी म्हणाले. करीममामूंनी शेपूट धरलं, मी रबर ताणून पीळ भरला, नाक बसवलं.

तेवढ्यात सर आले. सायकल घामानं हातातून निसटत होती, पँटचा पाय भिजलेला. टँकर उशिरा आला, घरी पाणी भरायला दुसरं कुणी नाही, असं काहीतरी ते मुख्याध्यापकांना सांगत होते. मग त्यांची नजर विमानाकडं गेली. विमानाला नाक होतं.

ते जवळ आले, वाकले, धड आणि नाक यांच्या मधल्या रेषेवरून अंगठा फिरवला.

"घट्ट बसलंय," म्हणाले. मग हळूच, "वरच्या बाजूला सालपट घातलं का बाई?"

मला सालपट म्हणजे काय ते कळलं नाही. एवढंच कळलं की त्यांना हात घालायचा आहे. "राहू द्या सर. आहे तसं चालेल."

ते दोन पावलं मागं झाले.

विमान माझ्या हातून सुटलं आणि नाक वर करून उभंच चढत गेलं. लोकांनी टाळ्या वाजवायला हात उचलले असतील. तेवढ्या वेळात ते हवेत थबकलं, शेपटावर मागं घसरलं आणि मैदानावर आपटलं. आकड्यातून रबर सुटलं आणि नाक निसटून चार हात लांब जाऊन पडलं. काही तुटलं नव्हतं. सुट्या नाकाचं काम त्यानं केलं होतं.

मी धड उचललं, सरांनी नाक. प्रत्येकाला दोन संधी होत्या. आम्ही दोघं धुळीत उकिडवे बसलो.

"तुमचं लावा," मी म्हणाले. ते म्हणताना माझा आवाज कसा होता, ते मला आजही ऐकू येतं.

सरांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. डब्यात ओली दस्ती, दस्तीत त्यांचं नाक. त्यांनी खुंटी धडाच्या तोंडाला लावली, दाबली. फिरवून पुन्हा दाबली.

"बसंना गेलं. फुगलंय." त्यांनी ते खिशात टाकलं. "तुमचंच द्या."

त्यांनी काडेपेटीतली एक काडी नखानं सोलली, कागदाएवढी पातळ चीप काढली आणि माझ्या नाकाच्या मागं, वरच्या कडेला ठेवून नाक दाबलं. टिच. "पंखा जरा खाली बघायला पाहिजे. जोर जास्त असतो ना सुरुवातीला, मग ते तोंड वर करतंय. एवढंच."

एवढंच. ही चीप त्यांच्या नाकाला पहिल्या दिवसापासून होती. मी रोज बघत होते आणि मला दिसली नव्हती.

या वेळी पीळ भरताना त्यांनी नाक धरलं, मी शेपूट, आणि शेवटी चीप ठेवून पुन्हा टिच. विमान सुटलं ते आधी जरा खाली दबल्यासारखं गेलं, मग रुंद गोल घेत चढत राहिलं. लिंबांच्या वर गेलं. रस्त्यापलीकडं टँकरच्या रांगेतल्या बायांनी घागरी कमरेवरून न काढता माना वर केल्या. पीळ संपला, पंखा थांबला, आणि ते नुसतं तरंगत आलं. नाक जागेवर होतं.

दुसरा नंबर आला. पुढं पाठवणार होते ते पहिल्याला.

मुख्याध्यापकांनी सरांचा हात हातात घेतला. सर म्हणाले, "नाक बाईंनी केलेलं आहे." मग टेबलावरचं कार्ड माझ्याकडं सरकवून खिशातला पेन काढून दिला. "लिहा. आडनावासकट लिहा." मी लिहिलं. हात धुळीनं भरलेला होता, अक्षर वाईट आलं.

लिंबाखाली करीममामू सामान बांधत होते तेव्हा मी विचारलं, "सर, नाक रोज घरी का नेत होता?"

ते माझ्यासमोर येऊन बसले. "खरं सांगू का? पहिले दोन दिवस नेलं ते शक होता म्हणून. तुम्ही नव्या, किल्ली तुमच्याकडं. मला तुमचं काहीच माहीत नव्हतं." मग म्हणाले, "नंतर लाकूड आकसायला लागलं. हवा अशी. खुंटी आत डुगडुगायची. मग रात्रभर ओल्या दस्तीत माठाजवळ ठेवायचो. घरात पाण्याची ही अशी तऱ्हा, बायको रागावायची दस्ती भिजवताना. तुम्हाला काय सांगू, हसला असता."

"आणि हेडसर म्हणाले होते, त्या तात्पुरत्याच आहेत."

"ऐकलं तुम्ही." त्यांनी मान हलवली. "म्हणाले, कार्डावर एकच नाव ठेवू. मी हो म्हणालो नाही बाई. पण नाही पण म्हणालो नाही."

माझा सगळा संशय खोटा निघाला असता तर मला रडून मोकळं होता आलं असतं. तसं झालं नाही. थोडा खरा होता, थोडा खोटा, आणि कुठला भाग कुठला ते वेगळं करून दाखवणारा माणूस समोर बसला होता. मी म्हणाले, "मीही तुमच्या माघारी माप घेतलं." ते म्हणाले, "माप बरोबर घेतलं." आम्ही दोघंही हसलो नाही. पण शाळेत परत येताना ते सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आले.

मला कायम केलं नाही. पुढच्या जूनमध्ये नेमणूक संपली. पुढं नांदेड जिल्ह्यात नोकरी लागली आणि आयुष्य तिकडंच गेलं. पण लातूर सोडण्याआधी कागद घ्यायला शाळेत गेले होते, तेव्हा करीममामूंनी चहा मागवला आणि बोलता बोलता म्हणाले, "प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी सर शाळेत आले होते ना. नाक लावून बघितलं. बरोब्बर बसलं. मग डब्यात ठिवलं, म्हणाले टँकर बघून सीदा मैदानावर येतो."

सकाळी बसलं होतं, आणि अकरा वाजता बसत नव्हतं. ओल्या दस्तीत तेवढ्या वेळात पांगरा फुगू शकतो. मी नंतर घरी करून पाहिलं. कधी फुगतो, कधी नाही. सरांनी ते नाक मला हातात दिलं नव्हतं. दोनदा दाबलं आणि खिशात टाकलं. जोरानं दाबलं होतं की माझंच नाक उडावं म्हणून नुसतं दाबल्यासारखं केलं होतं, हे मी माझ्या समोर घडत असून पाहिलं नाही. हिवाळाभर ज्यांच्या हातांवर डोळा ठेवला, नेमकं त्या घडीला मी माझ्या नाकाकडं बघत होते.

त्यानंतर सात-आठ वर्षं सरांची कार्डं येत होती. दिवाळीला आणि पाऊस चांगला झाला तर मृगानंतर एखादं. प्रकृती, देवणीच्या शेतातली तूर, बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. मी प्रत्येक उत्तरात तो प्रश्न लिहायला घ्यायची आणि आईची खुशाली लिहून पत्र संपवायची. विचारलं असतं तर त्यांनी जे होतं तेच लिहून कळवलं असतं, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. ते मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून मी विचारलं नाही.